न्यू जर्सीच्या रॅरिटन बेमध्ये हलक्या रॉडवर स्ट्राइप्ड बास (स्ट्रायपर, पट्टेवाला मोठा मासा) मिळेल का? आठ पाउंडाची लाइन (म्हणजे तेवढ्या ताणाला तुटणारी दोरी) पुरेल का?

मिळेल, किनाऱ्यावरूनही मिळेल. पण आठ पाउंड लावू नका. नेमक्या याच आकड्यावरून माझं आणि माझ्या साडूचं तीन वर्षं वाजतंय, म्हणून जरा लांबण लावतो.

मी रेवदंड्याचा. खाडीवर आजोबांबरोबर जिताडा गरवत मोठा झालो. ते म्हणायचे, लागलेला मासा खेळवत बसायचा नाही, पटकन घ्यायचा नाहीतर सोडायचा.

तर एप्रिल संपत आलेला, याच खाडीवरच्या कीपोर्टला सकाळची भरती चढत होती, बंकरचे थवे आत शिरलेले (बंकर म्हणजे आपल्या तारलीसारखा तेलकट मासा, स्ट्रायपर त्याच्यामागेच येतो) आणि पाण्यावर सगळीकडे शेपट्या वाजत होत्या. साडूकडे तळ्यातल्या ट्राउटसाठी घेतलेली काडी, आठ पाउंडाची लाइन. म्हणे, लाइट टॅकलमध्येच (हलक्या रॉड-लाइनमध्येच) खरी मजा. तिसऱ्या चौथ्या फेकीला त्याला लागली. रील नुसती किंचाळत होती, लाइन जवळपास संपली, आणि मग ओढा, सोडा, ओढा, सोडा, पंचवीस मिनिटं. मी दोनदा म्हटलं लाइन काप, ऐकेल तर शपथ.

काठाला आली तेव्हा ती आडवीच झालेली. ४१ इंच, पोट गच्च, गाबोळीने भरलेलं, खांद्यावर ती जांभळट झाक आणि खाली ओळीने काळे पट्टे. त्याने जबड्याला धरून उभी लटकवली आणि फोटो, मग दुसऱ्या बाजूने फोटो, मग व्हिडिओ. मी हिसकावून घेतली, गुडघाभर पाण्यात उभा राहून तोंड प्रवाहाकडे करून धरली, कल्ले उघडमीट करत होते पण शेपटीत जोर नव्हता. सोडली तर चार हात गेली आणि पांढरं पोट वर आलं. आणि तिला घरीही नेता येत नाही! नियमात २८ ते ३१ इंचच ठेवता येतो, माणशी दिवसाला एक. म्हणजे एवढी मादी मेली ती ना आमच्या ताटात ना हडसनमध्ये अंडी घालायला. वसंतात या खाडीत जमतात त्यातल्या बऱ्याच हडसन नदीत वर अंडी घालायला चाललेल्या असतात, जिताड्याच्या बरोब्बर उलट, तो अंडी घालायला खाऱ्याकडे येतो. आणि मोठा स्ट्रायपर म्हणजे बहुतेक मादीच, हे साडूला त्याआधीही माहीत होतं.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, मासा दमवून मारायला लागतो ते हलकं टॅकल नाही, तो हट्ट आहे. सात फुटी मीडियम रॉड, ४००० मापाची रील, २० पाउंडाची ब्रेड (विणलेली लाइन), तिच्या टोकाला ३० पाउंडाचा फ्लुरोकार्बन लीडर (गळाजवळचा पारदर्शक तुकडा) आणि पाऊण औंसाच्या जिगहेडवर (शिशाचं डोकं असलेल्या गळावर) पाच इंची रबरी शॅड, म्हणजे माशाच्या आकाराचं खोटं आमिष. हेही हलकंच आहे, दिवसभर फेकलं तरी मनगट भरत नाही. ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा रील किती ताणाला लाइन सोडते ते) साधारण पाच पाउंडावर ठेवा आणि मासा लवकर आत घ्या. एप्रिलमध्ये उथळ, काळ्या चिखलाच्या बाजूला आधी बघा, तिथलं पाणी लवकर तापतं.

हां, ऑक्टोबरात बारके स्ट्रायपर असतात तेव्हा बारा पंधरा पाउंडही चालतं, तेवढं साडूचं बरोबर. आमिष लावणार असाल तर सर्कल हूकच (टोक आत वळलेला गळ) लागतो, आणि न्यू जर्सीचं खाऱ्या पाण्याचं रजिस्ट्रेशन फुकट आहे, ते करून घ्या. मापाचे नियम बदलतात, जायच्या आधी राज्याच्या साइटवर बघा. बोटीचं मला विचारू नका, मी काठावरूनच गरवतो. साडू येतो अजून, पण त्याला मी माझाच दुसरा रॉड देतो.