१२ जुलैचा दिनविशेष म्हणून फळ्यावर काय लिहावे?

शाळेच्या फळ्यासाठी १२ जुलैचा दिनविशेष हवाय आणि फारसे काही सापडत नाही, असे तुम्ही विचारले आहे. मी पुण्याच्या नारायण पेठेत वाढलो. आमच्याकडे ही तारीख कुणाला शोधावी लागत नाही. वाड्याच्या दिंडीशेजारच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्याही वर, एक रेघ होती आणि तिच्याखाली लिहिले होते : १२-७-१९६१. पानशेतच्या पुराचे पाणी तिथवर चढले होते.

पानशेत हे मुठेच्या खोऱ्यातल्या आंबी नदीवरचे मातीचे धरण. काम पुरे झाले नव्हते, तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवले. धरणाच्या पोटातून पाणी सोडायची व्यवस्थाही अर्धवट होती. तिच्यावरचा भराव खचू लागला, तेव्हा ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण कसेबसे तगवले. सकाळी ते फुटलेच; पण उजाडल्यावर फुटले, म्हणून माणसे जागी होती, पळू शकली. त्या जवानांचे नाव फळ्यावर आधी यावे असे मला वाटते. खालचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही त्याच दिवशी गेले.

आजी सांगायची, पाणी आधी न्हाणीघराच्या मोरीतून वर आले. माणसे पर्वतीकडे धावली. आमच्या मागचा वाडा पाणी चढताना उभा होता, ओसरल्यावर बसला. मातीच्या भिंती भिजून लगदा झाल्या होत्या. आणि शहर बुडाले त्याच्या दुसऱ्या दिवशी प्यायला पाणी नाही, कारण पुण्याचे पाणी खडकवासल्यातूनच यायचे! पेठांतल्या जुन्या विहिरींवर रांगा लागल्या. पुनर्वसनाचे काम स. गो. बर्वे यांनी हाती घेतले. गोखलेनगरसारख्या वसाहती त्यातूनच उभ्या राहिल्या. चौकशी आयोगाचे पहिले न्यायमूर्ती बावडेकर अहवाल येण्याआधीच वारले. पुढचे काम न्यायमूर्ती नाईकांकडे गेले.

दुसरी नोंद पन्हाळगडाची. १२ जुलै १६६०च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले. शिवा काशीद महाराजांच्या वेशात पालखीत बसला आणि मारला गेला. १३ तारखेला बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली. मात्र मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. ही तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेची आहे, आजच्या कॅलेंडरने तो दिवस २२ जुलै येतो. तिथी आषाढी पौर्णिमा, म्हणजे गुरुपौर्णिमेची रात्र. म्हणून १६६० आणि १९६१चा १२ जुलै अंकांनी एक दिसला, तरी १९६१ला चंद्र अमावास्येला टेकला होता. तिथीने पाळणाऱ्यांशी वाद घालू नका, त्यांचेही बरोबर आहे.

बाकी, १९२० साली याच दिवशी पुण्यात यशवंत विष्णू चंद्रचूड जन्मले, पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. १९८२ साली नाबार्ड, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासासाठीची राष्ट्रीय बँक, स्थापन झाली.

फळ्यावर जागा कमी असेल तर पानशेत आणि पन्हाळगड एवढेच घ्या. शाळा पुण्यात असेल, तर नदीकाठच्या पेठांत पूररेषेची एखादी खूण अजून सापडते का ते पाहा आणि मुलांना तिच्याखाली उभे करा. आमची रेघ वाडा पाडला तेव्हा गेली.