शिंदखेड्यातलं शेत एमआयडीसीत जातंय, हरकत घेता येते का?

हो, घेता येते. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ च्या कलम ३२(२) ची नोटीस त्यासाठीच असते. नोटिशीतल्या मुदतीत, नोटीस काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेच लेखी हरकत द्या, शिक्का-तारखेची पोच घ्या आणि सुनावणी मागा. तलाठ्याला तोंडी सांगून काही होत नाही. नुसतं ‘जमीन द्यायची नाही’ लिहिलं की हरकत लंगडी पडते: गट नंबर, विहीर, पाइपलाइन, केळी-पपईची लागवड, जवळ पडीक क्षेत्र असेल तर त्याचा गट, सगळं मांडा. सातबाऱ्यावर चार भाऊ असतील तर चौघांनी वेगवेगळी द्यावी. मात्र त्यानंतरची कलम ३२(१) ची, म्हणजे प्रत्यक्ष संपादनाची नोटीस राजपत्रात आली की जमीन शासनाची होते. मग मोबदल्याचं भांडण उरतं, नाहीतर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका.