मंगोलियातील भटक्या लोकांचे जीवन खरे असते की पर्यटकांसाठी मांडलेले?

आपण विचारले आहे की दहा दिवसांच्या सहलीत मंगोलियातील भटक्या लोकांचे खरे जीवन पाहायला मिळते का, की तंबू, घोडे आणि पोशाख हे सारे पर्यटकांसाठीच मांडलेले असते. आणि अशा 'दिशाहीन भटकणाऱ्या' लोकांमध्ये राहणे सुरक्षित आहे का. खरे तर 'दिशाहीन' या एका शब्दामुळेच मी उत्तर लिहायला बसलो. तो शब्द मी माझ्या स्वतःच्या घरात चाळीस वर्षे ऐकत आलो आहे.

मी निवृत्त पशुवैद्यक आहे. आमचे मूळ गाव फलटण तालुक्यात, आणि आम्ही धनगर. दिवाळी झाली की आजोबा मेंढरे घेऊन घाट उतरत, कोकणात शेतांमध्ये मेंढरे बसवत आणि पावसाच्या आत परत वर येत. माझ्या थोरल्या बंधूंनी ते सारे लहानपणी पायी अनुभवले, पुढे शिकून नोकरी धरली आणि त्या जगण्याचे नावही काढायचे नाही असे ठरवून टाकले. २०१९ मध्ये मी मंगोलियाला निघालो, तेव्हा ते म्हणाले, "आज्यानं जन्मभर जे भोगलं, ते बघायला तू पैसे मोजून निघालास?" मला त्या वेळी उत्तर सुचले नाही.

राजधानी उलानबातरहून एक चालक आणि दुभाषाचे काम करणारी एक विद्यार्थिनी यांना घेऊन मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पश्चिमेला निघालो. वाटेत खारखोरिन येथे एर्देने झू मठ पाहिला, आणि त्सेत्सेरलेगच्या पुढे आरखांगाई प्रांतातील एका दरीत दुभाषी मुलीच्या ओळखीच्या कुटुंबाकडे उतरलो. तेथे दारावर थाप मारण्याची पद्धत नाही. लांबूनच "नोखोई खोर!" अशी हाळी द्यायची, म्हणजे 'कुत्रे आवरा'. आमच्या वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या तळावर, येणारा पाहुणाही मेंढरांच्या कुत्र्यांच्या भीतीने असाच दुरून ओरडत असे. गेरचे, म्हणजे नमद्याच्या (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या) त्यांच्या गोल घराचे, दार दक्षिणेकडे असते. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, आत शिरल्यावर डावीकडे बसायचे आणि दिलेला मिठाचा दुधाळ चहा उजव्या हाताने घ्यायचा. हे मला कोणी फारसे शिकवावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळपातील एक मेंढी पुढचा पाय टेकत नव्हती. मी मागचा पाय धरून तिला पकडले, खाली बसवले, खुरात रुतलेला बारीक खडा काढला आणि सवयीने तिचे ओठ वर करून दात पाहिले. घरधनी इतका वेळ उंबऱ्याशी उभा होता, तो जवळ आला, त्यानेही वाकून तिचे दात पाहिले आणि म्हणाला, "शुदलेन." दुभाषी मुलीने सांगितले की दोन वर्षांच्या मेंढीला ते असे म्हणतात, आणि 'शुद' म्हणजे दात. आम्ही दातांवरून वय ओळखून दोनदाती, चारदाती म्हणतो ते हेच. त्या क्षणापासून मी त्या घरात पर्यटक उरलो नाही. घरधनी मला आपली मेंढरे एकेक करून दाखवू लागला, जाड चरबीच्या शेपटीची, आमच्या काळ्या दख्खनी मेंढीपेक्षा कितीतरी भारी. आणि घरधनीण शेळ्यांच्या माना समोरासमोर एकात एक अडकवून, एकाच लांब दोरीने दोन ओळींत बांधून धार काढत होती, तेथे मलाही दोरीचे एक टोक धरायला बोलावले.

तिसऱ्या दिवशी ते शरदातल्या जागी निघाले, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या सकाळी मिळाले. आधी पेट्या आणि खाटा बाहेर आल्या. मग घोड्याच्या केसांचे दोर सुटले, वरचे पांढरे कापड आणि त्याखालचा नमदा उतरला, छताच्या ऐंशीएक काठ्या एकेक करून निघाल्या, मधले लाकडी चक्र, ज्याला तोनो म्हणतात, दोघांनी अलगद खाली घेतले, आणि भिंतींच्या जाळ्या दुमडून गठ्ठा झाला. दोन तासांच्या आत घर ट्रकवर चढले. मागे गवतावर एक पिवळसर वर्तुळ उरले. घरधनिणीने त्या वर्तुळात फिरून सुतळीचा शेवटचा तुकडासुद्धा उचलला. नवी जागा जेमतेम पंधरा किलोमीटरवर होती, गेल्या वर्षीचीच. मी घरधन्याला विचारले की याच दिवशी का निघालात. तो म्हणाला की येथले गवत आणखी चारले, तर पुढच्या वर्षी ते येणार नाही. आणि हिवाळ्याच्या जागेचे गवत आत्ता चारले, तर फेब्रुवारीत मेंढरे मरतील.

याला कोणी दिशाहीन म्हणत असेल, तर दिशा कशाला म्हणतात हे त्याने मला सांगावे. उन्हाळ्याची जागा नदीकाठी, शरदाची उतारावर, हिवाळ्याची डोंगराच्या आडोशाला जुन्या लेंड्यांच्या उबदार थरावर, वसंताची पिल्ले होण्यासाठी. हा हिशेब आमचे आजोबाही बोटांवर मांडत. दादा म्हणतात की आजोबांनी भोगले. भोगले हे खरे आहे. पण चालल्यामुळे भोगले नाही; वाटा बंद झाल्या, गायराने गेली, वनखात्याच्या कुंपणाशी रोज भांडावे लागले, म्हणून भोगले. मंगोलियाच्या १९९२ च्या संविधानानुसार कुरणे खासगी मालकीत देता येत नाहीत, आणि त्या एका कलमामुळे तेथला मेंढपाळ ताठ मानेने घर हलवतो. हे मी दादांना परत आल्यावर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, मत बदलले नाही, मात्र पुन्हा पुन्हा विचारले, "म्हणजे गवत कुणाचंच नाही?"

मी तेथले केवळ चांगलेच सांगतो आहे असे आपल्याला वाटू नये. देशाची सुमारे निम्मी लोकसंख्या आता उलानबातरमध्ये राहते, आणि शहराच्या कडेने गेरच्या वस्त्या आहेत, जेथे हिवाळ्यात कोळशाच्या धुराने श्वास घेणे अवघड होते. कळप गमावलेली अनेक कुटुंबे तेथेच येऊन पोहोचतात. कश्मीरी लोकरीला, म्हणजे शेळीच्या मऊ लोकरीला, भाव मिळतो म्हणून शेळ्या वाढल्या आहेत, आणि शेळी गवत मुळापर्यंत खाते. उन्हाळ्यात पाऊस कमी आणि त्यानंतर बर्फ व गारठा जबर, अशा हिवाळ्याला ते 'झुद' म्हणतात. २०२३-२४ च्या झुदमध्ये देशभर ७० लाखांहून अधिक जनावरे मेली. मी ज्यांच्याकडे राहिलो त्यांची अर्धी मेंढरे त्यात गेली, असे दुभाषी मुलीने कळवले. त्या घरचा धाकटा मुलगा, मी तेथे होतो तेव्हा, तालुक्यासारख्या गावी वसतिगृहात राहून शिकत होता. तो परत येऊन मेंढरे राखील की नाही, हे त्याच्या आईलाही ठाऊक नव्हते.

आता आपल्या प्रश्नाविषयी. पर्यटकांसाठी बांधलेल्या गेरच्या छावण्या आहेत, तेथे गरम पाणी मिळते आणि सायंकाळी पोशाख घालून गाणे होते; ते वाईट नाही, पण आपण विचारले आहे ते जीवन तेथे नाही. गोबीतील वाळूचे डोंगर, खोव्सगोल सरोवर आणि आरखांगाई हे सारे दहा दिवसांत उरकण्याचा कार्यक्रम कोणी दिला तर तो घेऊ नका, कारण निम्मे दिवस गाडीतच जातील. एक प्रांत निवडा आणि एका कुटुंबाकडे सलग तीन-चार रात्री राहा. ११ ते १३ जुलैच्या नादाम उत्सवात गर्दी असते. सप्टेंबरचा आरंभ मला अधिक योग्य वाटतो, फक्त रात्री पाणी गोठते, तेव्हा उबदार कपडे न्या. सुरक्षिततेचे म्हणाल तर मला भीती फक्त कुत्र्यांची वाटली. शाकाहारी असाल तर पीठ, डाळ आणि तिखट सोबत असू द्या. दही आणि साय भरपूर मिळेल, भाजी मिळेलच असे नाही. आणि यजमानांना मदत करायची असेल तर आधी विचारून करा. ते काम देतात.