सहजीवन म्हणजे दोघांचाही फायदाच का?

प्रश्न असा आलाय की म्हशीच्या मागे मागे फिरणारा बगळा आणि ती म्हैस यांच्या नात्याला 'सहजीवन' म्हणायचं की 'सहभोजिता' (एकाचा फायदा, दुसऱ्याला ना फायदा ना तोटा), आणि फायदा एकट्या बगळ्याचाच असेल तर सहजीवन शब्द चुकतो का?

नाही चुकत. सहजीवन म्हटलं की आपल्याला लगेच सुखी संसार आठवतो त्यामुळे हा घोळ होतो. मूळ शब्द सिम्बायोसिस, ग्रीकमध्ये सिन म्हणजे सोबत आणि बायोस म्हणजे जगणं, म्हणजे सह + जीवन हे अगदी चपखल भाषांतर आहे. आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८७०च्या दशकाच्या शेवटी हा शब्द रूढ केला तेव्हा त्यात परजीवीसुद्धा धरले होते! दोन वेगळ्या जातीचे जीव निकट राहतात, बस. कोणाचं भलं होतं ते पुढचं.

आता बगळा. त्याला गायबगळा किंवा ढोरबगळा म्हणतात, आणि त्याच्या रूढ शास्त्रीय नावातला पहिला शब्द बुबुल्कस, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गुराखी. पण हा गुराखी गुरं राखत नाही, म्हैस पाऊल उचलते, गवतातून नाकतोडा उडतो आणि हा मान लांब करून तो टिपतो, एवढंच. अंगावरची गोचीड क्वचित खातो पण पोट भरतं ते खुरांनी उठवलेल्या किड्यांवर. म्हशीला याचं ना सुख ना दुःख. म्हणून इथे सहभोजिता बरोबर, आणि ती सहजीवनाचाच एक प्रकार. सहभोजितेच्या 'कमेन्सलिझम' या इंग्रजी शब्दात लॅटिन 'मेन्सा' म्हणजे टेबल आहे, आपण 'एका पंगतीला' म्हणू. फक्त या पंगतीत दोघांच्या पानात वेगवेगळं असतं, एकीला गवत, दुसऱ्याला किडे.

खरी पंचाईत आफ्रिकेतल्या ऑक्सपेकरची. हा पक्षी गेंडा, म्हैस, जिराफ यांच्या अंगावर बसून गोचीड खातो म्हणून पुस्तकं त्याला सर्रास 'परस्परोपकार'चं उदाहरण म्हणून देतात, पण हा जखमा टोचून उघड्या ठेवतो आणि रक्तही पितो, मग परजीवी म्हणायचं का? तर तेही पूर्ण खरं नाही. स्वाहिलीत याला 'अस्कारी वा किफारू' म्हणतात, म्हणजे गेंड्याचा पहारेकरी, आणि २०२०च्या एका अभ्यासात हे नाव सार्थ ठरलं. पक्षी अंगावर नसताना काळ्या गेंड्याला माणसाची चाहूल साधारण २७ मीटरवर लागायची, असताना ६१ मीटरवर, कारण हा ओरडतो. गेंड्याची नजर अधू असते ना.

म्हणजे एकच पक्षी रक्त पिणारा आणि राखणदारसुद्धा, आणि उपकार-परजीवी वगैरे लेबलं कधी आणि कुठे बघतोय त्यावर बदलतात. म्हणून मी तरी ऑक्सपेकरला नुसतं 'सहजीवी' लिहिते आणि गायबगळ्याला 'सहभोजी'. 'मित्र' मात्र दोघांनाही लिहीत नाही, ते म्हशीला विचारल्याशिवाय कसं लिहिणार!