पोळ्याआधी बोलून घे

बापू, तू आता ख्रिस्ती झालास, पण पोळ्याला घरचे तुला पूजेला बसवतील. तू बैलांचे खांद शेक, त्यांना धू, शिंगं रंगव, झूल घाल. वर्षभर राबणाऱ्या जिवाची ती सेवा आहे. पण पूजेचं आदल्या दिवशीच हात जोडून सांग, 'बाबा, हे माझ्याच्यानं होणार नाही.' ऐनवेळी निघून जाऊ नको. मी तसा गेलो होतो. आई वर्षभर बोलली नाही. बायबलात पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) उत्तर सौम्यतेनं द्यायला सांगितलंय, ते खरंच जप. आणि बायकोला बाप्तिस्म्याची घाई करू नको. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, १९०० चा. पाच वर्षं! शेजाऱ्यानं बोलणं टाकलं तरी त्याच्या कापूस वेचणीला जात राहा.