पहिली ओळ

प्रिय,
सप्रेम सलाम.

पहिला पगार झाला आणि तू लगेच विचारलंस, दशमांश, म्हणजे देवासाठी द्यायचा मिळकतीचा दहावा हिस्सा, हातात आलेल्या रकमेचा काढायचा की कापाकापी होण्याआधीच्या? वाचून हसू आलं. तुझ्या वयात मीही हाच घोळ घातला होता, आणि प्रत्यक्षात देत काहीच नव्हतो. माझ्या हिशेबाच्या वहीत पानाच्या तळाशी 'दान' अशी ओळ असे. भाडं, प्रवास, उधारी, कपडे सगळं लिहून झालं की उरेल ते तिथं. तीन महिने शून्य आलं. चौथ्या महिन्यात शून्य लिहायचीही लाज वाटली, ओळ कोरीच सोडली. (त्याच महिन्यात पगार वाढला होता.) मग ती ओळ उचलून पानाच्या डोक्यावर नेली. बाकी मी काही मोठं केलं नाही.

प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला (चर्चला) पत्रातून हेच सांगितलं होतं: आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, मिळकतीच्या मानाने बाजूला काढून ठेवा. त्याच मंडळीला दुसऱ्या पत्रात तो दोन अध्याय दानावर लिहितो, पण टक्का सांगत नाही. मनात ठरवा आणि संतोषाने द्या, एवढंच. मी कापाकापीआधीच्या रकमेवर काढतो. तू हातातल्या रकमेवर काढलास तरी माझी हरकत नाही, फक्त आधी काढ.

खरी परीक्षा पगार वाढल्यावर असते. अठराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली याचं उदाहरण मला फार आवडतं. ऑक्सफर्डमध्ये असताना वर्षाला ३० पौंड मिळत, त्यातले २८ खर्च करून २ तो देई. पुढच्या वर्षी ६० मिळाले, खर्च २८च, दिले ३२. मग ९० मिळाले, दिले ६२. त्याला संसार नव्हता हे मान्य, तुला तसं जमणार नाही. पण वाढलेल्या मिळकतीबरोबर घरखर्च वाढलाच पाहिजे, हे आपण कधी ठरवलं? बहुतेकांनी ठरवलेलं नसतं, आपोआप होतं.

दोन गोष्टींत मात्र सांभाळ. 'इतकं दे, देव दुप्पट करील' असं कोणी बायबलातल्या मलाखी संदेष्ट्याचं वचन पुढे करून सांगू लागला, तर तिथून ऊठ. तो धंदा आहे. मार्कच्या शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी टाकल्या, त्यांच्या बदल्यात तिला काय मिळालं हे मार्कने लिहिलेलंही नाही. दुसरं, आईवडिलांचं औषधपाणी थकवून मंडळीत रक्कम टाकू नकोस. 'कुर्बान', म्हणजे 'हे देवाला वाहिलंय', असं म्हणून आईबापांना टाळणाऱ्यांना येशूने कसं झापलं, ते मार्कच्या सातव्या अध्यायात वाच. कर्ज डोक्यावर असेल तर थोडं दे आणि कर्ज फेड, घेणेकऱ्याचे पैसे दानपेटीत टाकणं हे औदार्य नव्हे.

आणि हिशेब माग. निःसंकोच माग. यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी पोचवताना पौलाने इतर भावांना सोबत धाडलं, कोणी बोट दाखवू नये म्हणून. प्रेषिताला हे गरजेचं वाटलं, तर तुझ्या मंडळीच्या खजिनदाराने तरी का रागवावं?

लग्न झालं की ही वही दोघांची होईल, भांडणंही होतील. आमची झाली. मुलं लहान असताना आमचा आकडा घटला, तेव्हा मी स्वतःला फार कोसलं. आज वाटतं, ते चुकलं. येशूच्या दाखल्यातला कारभारी मालकाच्या घरातल्यांना वेळेवर जेवण देणाराही असतो.

आता माझं वय देण्यापेक्षा मदत घेण्याचं आहे. गेल्या आजारपणात मंडळीतल्या दोघांनी बिल भरलं, आणि 'नको' म्हणताना माझा आवाज विनयाचा नव्हता, गर्वाचा होता. द्यायला शिकायला चाळीस वर्षं लागली, घ्यायला बहुधा अजून लागतील. मृत्युपत्र मात्र करून टाकलंय. मुलांना वाचूनही दाखवलं. धाकटी जरा गप्प झाली, मग म्हणाली, वरची ओळ तिथंही आहेच की!

या महिन्याचं पान भरलंस की फोटो पाठव. आकडे झाकलेस तरी चालेल, मला फक्त पहिली ओळ बघायची आहे.

तुझा,
काका