जमीन ओली, तरी टोमॅटो माना का टाकतो?

प्रश्न: टोमॅटो फुलोऱ्यात आहे. चार दिवस झड लागली होती, आता कडक ऊन पडलंय. माती ओली असूनही दुपारी झाडं माना टाकतात, खालची पानं पिवळी पडताहेत. पाणी द्यावं का? सोबत युरिया टाकावा का?

उत्तर: दोन्ही थांबवा. आणखी पाणी दिलंत तर उरलीसुरली मुळंही जातील.

माणसाचं हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त ढकलतं आणि तेच रक्त फिरून परत येतं. झाडाला असा पंप नाही. पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडते, तिची ओढ लागून जलवाहिन्यांतला पाण्याचा अखंड धागा मुळापासून वर खेचला जातो. शोषलेल्या पाण्यातलं 95 टक्क्यांहून जास्त असंच उडून जातं. ऊन वरून ओढतं, पण खाली पाणी आत घेणारं मूळ जिवंत असतं आणि त्याला श्वास लागतो.

खरी गोम इथे आहे. आपल्या पायाच्या बोटालाही फुप्फुसातला ऑक्सिजन रक्त पोहोचवतं. टोमॅटोच्या मुळाला मात्र मुख्यतः मातीच्या पोकळ्यांतल्या हवेवरच भागवावं लागतं. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की संपलं, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे 10 हजार पट सावकाश पसरतो. मूळ गुदमरतं, पाणी घेणं मंदावतं, वर ऊन ओढतच राहतं. (भाताच्या खोडा-मुळांत हवा खाली नेणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून तो पाण्यात तगतो. भाताचा हिशेब टोमॅटोला लावू नका.)

आधी खात्री करून घ्या. सकाळी 7 च्या आत शेतात जा. दुपारी सुकलेलं झाड तोवर ताठ झालं असेल तर मुळं अजून तग धरून आहेत. सकाळीही मान खाली असेल तर एक झाड मातीसकट उपटा. पांढरं, टणक मूळ चांगलं. तपकिरी मूळ चिमटीत ओढल्यावर साल निसटून नुसता दोरा हातात राहिला, तर ते कुजलंय.

मग जमिनीलगतचा खोडाचा 5-7 सेंटीमीटर तुकडा धारदार चाकूने कापून काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात खालचं टोक बुडेल असा धरा. हात हलू देऊ नका. काही मिनिटांत दुधट धागे खाली उतरताना दिसले तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे; जिवाणूंनी जलवाहिन्या तुंबवल्या आहेत. यावर खात्रीचं औषध नाही. झाड मुळाजवळच्या मातीसह काढून शेताबाहेर नष्ट करा, तिथलं पाणी पुढच्या सरीत जाऊ देऊ नका. पुढच्या हंगामात त्या जागी वांगं, मिरची, बटाटा नको. धागे नाहीत, पण खोड उभं चिरल्यावर सालीच्या आत तपकिरी पट्टा दिसला, तर बुरशीजन्य मर समजा.

दोन्ही नसेल तर दोष साचलेल्या पाण्याचा. उताराच्या बाजूने चर काढून 24 तासांत पाणी बाहेर काढा. वाफसा आल्यावरच, त्याआधी मुळीच नाही, वरची 3-4 सेंटीमीटर माती हलवा. ओल्यात खुरपलं तर ती थापून बसते आणि हवा आणखी कोंडते. मूठभर माती दाबा: बोटांतून पाणी आलं तर थांबा, गोळा होऊन टिचकीने फुटला तर वाफसा आहे.

खालची पानं पिवळी पडतात कारण झाड तिथलं नत्र काढून शेंड्याला देतं. पण गुदमरलेलं मूळ युरिया उचलत नाही आणि साचलेल्या पाण्यात बरंच नत्र वायू होऊन उडतं. त्यापेक्षा 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला 5 ग्रॅम प्रमाणे संध्याकाळी पानांवर फवारा. नवी पांढरी मुळं दिसल्यावर जमिनीतून खत सुरू करा, तेही थोडं थोडं.